कुलूपकाकांचे दोन टप्पे

रविवारी सकाळचा चहा झाला की कुलूपकाका संगणकासमोर बसत आणि आपली दोन यंत्रं हजर आहेत का ते बघत. एक यंत्र इथेच, त्यांच्या टेबलाखाली, बुटांच्या खोक्याएवढं. दुसरं लेकीच्या घरी, आगगाडीने पाच तासांवर. जगभरातल्या हजारो यंत्रांची एक उघडी यादी असते, ती कोणीही बघावी. तिच्यात आपली दोन नावं शोधायची, पुढे हिरवा ठिपका दिसला की चष्मा काढून पुसायचा, आणि "चाललंय" म्हणायचं. आतून बायको विचारायची, "दोन्ही पोरं शाळेत गेली का?" ते म्हणायचे, "गेली." की रविवार सुरू.

त्या रविवारी मात्र चष्मा पुसून झाला तरी ते काही बोलेनात.

"काय हो, एखादं पोर आजारी आहे का?"

"दोन्ही नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"यादीत नावंच नाहीत. कोणीतरी काढलीत."

बायको हात पुसत बाहेर आली, वाकून टेबलाखाली बघितलं. यंत्राचा दिवा लुकलुकत होता. "हे तर जागं आहे!"

"जागं आहे, पण त्याच्याकडे कोणी काम देत नाहीये," काका म्हणाले, आणि खुर्ची मागे सरकवून नुसते बसून राहिले. चौतीस वर्षं नोकरी करून एक दिवस सकाळी कामावर जावं आणि आपल्या टेबलावर दुसरंच कोणी बसलेलं दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

कुलूपकाका हे नाव त्यांना हॉस्पिटलने दिलं होतं. तिथे ते रक्ताचे नमुने पोचवायचं काम करत. हॉस्पिटल म्हणजे कोणाच्याच तोंडात तीळ भिजत नाही अशी जागा. अपेंडिक्स आत असतानाच त्याची बातमी गेटवरच्या रखवालदाराला कळायची. पण काकांच्या पोटात गेलेली गोष्ट तिथेच राहायची. "आज डब्यात काय?" असं कोणी विचारलं तरी ते आधी "का?" म्हणत.

तळमजल्याच्या टोकाला नऊ नंबरची खोली होती. चारचौघांत ज्यांचं नाव काढत नाहीत अशा आजारांच्या तपासण्या तिथून व्हायच्या. लोक भिंतीकडे तोंड करून बसत. कोणी खोटं नाव सांगे, कोणी दारापर्यंत येऊन परत जाई. आणि लॅबमध्ये कोणाची ना कोणाची मावसबहीण, कोणाचा शेजारी असायचाच. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी एक पद्धत बसवली होती. रक्त काढणाऱ्या सिस्टरला माणूस दिसायचा, पण तपासणी कसली ते बंद चिठ्ठीत असायचं. ती चिठ्ठी आणि रक्ताची बाटली पिशवीत घालून पिशवी काकांच्या टेबलावर यायची. काका वरची पिशवी काढत, सिस्टरचा नंबर आपल्या वहीत ठेवून बाटलीवर नवा नंबर चिकटवत आणि लॅबमध्ये नेऊन देत. लॅबमध्ये चिठ्ठी उघडली जाई. तिथे आजार कळायचा, पण माणूस कळायचा नाही. आणि मधल्या काकांना ना माणूस माहीत, ना आजार. निकालही त्याच वाटेने उलटा परत यायचा.

या पद्धतीत एक नियम होता, आणि मोठे डॉक्टर तो बोटं नाचवत सांगायचे: "या साखळीत एका घरची दोन माणसं नकोत. दोन अर्धी गुपितं एका ताटाशी जेवायला बसली, की त्यांचं एक पूर्ण गुपित होतं."

काकांना हा नियम पाठ असायला एक खास कारण होतं. लॅबमध्ये चिठ्ठी उघडणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांच्याशीच त्यांनी लग्न केलं. आठवडाभरात बाईंची बदली झाली, साखर तपासणाऱ्या विभागात. तिथे दिवसभर रक्तातली आणि लघवीतली साखर मोजायची, दुसरं काही नाही. तेव्हापासून सगळं हॉस्पिटल त्यांना साखरबाई म्हणू लागलं. आज एकतीस वर्षं झाली, पण जरा कुठे वाजलं की साखरबाई ऐकवतात, "लोकांना लग्नात काय काय मिळतं. मला बदली मिळाली."

निवृत्तीनंतर काका वाचनालयात जाऊ लागले. तिथल्या ग्रंथपाल बाई महिन्यातून एकदा संगणकावर काहीतरी शिकवत. एकदा त्यांनी सांगितलं, की इंटरनेटवर आपण काही शोधतो तेव्हा कोण शोधतंय आणि काय शोधतंय, या दोन्ही गोष्टी एकत्रच प्रवास करतात. ज्याला आपलं नाव कळू न देता काही विचारायचं आहे, आजाराबद्दल म्हणा, घरातल्या मारहाणीबद्दल म्हणा, त्याच्यासाठी स्वयंसेवकांनी चालवलेलं एक जाळं आहे. निरोप एकात एक अशा तीन वेष्टनांत बांधला जातो, आणि हे बांधायचं काम निरोप पाठवणाऱ्याचं यंत्र स्वतःच करतं. मग हजारो यंत्रांतून तीन निवडली जातात. पहिला टप्पा एक वेष्टन काढतो, दुसरा दुसरं, तिसरा तिसरं. पहिल्याला पाठवणारा कळतो, पण निरोप कुठे चाललाय ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे ते कळतं, कोणाचा ते कळत नाही.

"आणि मधला?" शेवटच्या रांगेतून काकांनी विचारलं. वाचनालयात ते बोललेले सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"मधल्याला दोन्ही माहीत नसतं. तो फक्त घेतो आणि पुढे देतो."

"मग मधल्याला माणूस हवाय का तुम्हाला?"

सहा महिन्यांत त्यांनी टेबलाखालचं यंत्र उभं केलं. रिकामे हात त्यांना सोसायचे नाहीत. आता टेबलाखाली पुन्हा कोणाकोणाच्या पिशव्या येत होत्या आणि जात होत्या, न उघडता. मग गेल्या वर्षी लेकीकडे राहायला गेले तेव्हा तिच्या माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप दिसला, आणि त्यांनी दुसरं यंत्र उभं केलं.

लेकीने विचारलं, "बाबा, हे काय आहे?"

"माझं एक काम आहे. चालू राहू दे."

"कसलं काम?"

"आहे एक."

आता अशा बापाला पुढे काय विचारणार? तिने लॅपटॉप चपलांच्या कपाटावर ठेवला, त्यावर एक भरतकामाचा रुमाल टाकला, आणि नवऱ्याला सांगितलं, बाबांचं काहीतरी आहे.

नावं गायब झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वाचनालय उघडताच काका पायरीवर हजर होते. ग्रंथपाल बाईंनी जाळ्याच्या स्वयंसेवकांचं पत्रव्यवहाराचं पान उघडलं. तेही यादीसारखंच, सगळ्यांना दिसणारं. तिथे शुक्रवारच्या तारखेने चार ओळी होत्या. बाईंनी त्या सावकाश वाचून दाखवल्या. दोन यंत्रं वेगवेगळ्या शहरांत आहेत, पण दोन्हींच्या मांडणीत शब्दाचाही फरक नाही. दोन्ही दर रविवारी एकाच मिनिटाला बंद होऊन पुन्हा सुरू होतात. चालवणारा एकच दिसतो. त्याने ते जाहीर केलेलं नाही, संपर्काचा पत्ताही दिलेला नाही. दोन्ही काढून टाकत आहोत. हेतू माहीत नाही.

"हेतू माहीत नाही," काका पुटपुटले.

"काका, ते सगळ्यांनाच तसं लिहितात."

"पण जाहीर करायचं होतं म्हणजे काय?"

बाईंनी त्यांच्याकडे जरा चमकून बघितलं. "तुम्ही ती ओळ भरली नव्हती? एका माणसाची एकाहून जास्त यंत्रं असतील, तर प्रत्येक यंत्रात दुसऱ्याचा नंबर लिहायचा. म्हणजे जाळं काळजी घेतं, की कोणाच्याही वाटेत ती दोन्ही एकदम येणार नाहीत."

"ती ओळ मी बघितली होती."

"मग?"

काकांना सांगताना जड गेलं. "मला वाटलं, माझ्या लेकीचं घर कुठलं हे कशाला जगजाहीर करायचं? आपलं काम गुपित ठेवायचं. म्हणून मुद्दाम कोरी सोडली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर तीन गोल काढले आणि पहिल्या आणि तिसऱ्या गोलाला एकाच रेघेने वेढा घातला. "एकच यंत्र कधी पहिला टप्पा होतं, कधी मधला, कधी तिसरा. समजा एखादीचा निरोप निघाला. पहिला टप्पा तुमच्या घरी पडला आणि तिसरा तुमच्या लेकीकडे. इकडून अमुक वेळेला अमुक आकाराचं काही आत गेलं, तिकडून त्याच वेळेला तेवढंच बाहेर पडलं. दोन्हींचा मालक एकच. वेष्टनं कितीही घाला, त्याला ताळा जमवता येतो. तुम्ही जमवणार नाही, काका. पण त्या बाईला ते कसं कळावं?"

काका कागदाकडे बघत राहिले. दोन अर्धी गुपितं एका ताटाशी. ज्या नियमापायी बायकोला जन्मभर साखर मोजायला लागली, तोच नियम त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला होता, आणि तोही गुप्तता पाळायच्या भरात.

घरी आल्यावर त्यांनी साखरबाईंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खरंच सगळं. त्यामुळे साखरबाई आधी खुर्चीत बसल्या.

"म्हणजे आमची बदली झाली, पण तुम्हाला काही कळलंच नाही!"

"चेष्टा करू नकोस. तिथे लिहिलंय, हेतू माहीत नाही. चौतीस वर्षांत असं कोणी म्हणालं नाही मला."

हे ऐकून साखरबाईंनी चेष्टेचा सूर सोडला. "मग घाला ना तो नंबर. दोन ओळींचं तर काम."

"इथला घालीन. तिथला तिथे बसूनच घालावा लागतो. त्या यंत्रात बाहेरून शिरायची वाट मी ठेवलेलीच नाही, मला स्वतःलासुद्धा. आणि एकाने लिहून चालत नाही. याने त्याला आपलं म्हणायचं आणि त्यानेही याला, तरच धरतात."

"म्हणजे लेकीला सांगायला हवं."

"हो."

"आणि सांगायचं म्हणजे ते काय आहे तेही सांगायला हवं."

लेकीशी त्यांचं फोनवरचं बोलणं चाळीस सेकंदांचं असे. बरी आहेस ना? हवा कशी आहे? आईला देतो. आता साखरबाईंनी नंबर लावून फोन सरळ त्यांच्या हातात दिला आणि स्वतः समोर ठाण मांडून बसल्या.

त्यांनी सांगितलं, अडखळत. लोकांचे निरोप, वेष्टनं, टप्पे. लेकीने ते सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "आणि या यंत्रांची यादी उघडी असते म्हणालात? आमच्या घरचा पत्ता त्या यादीत आहे?"

"इंटरनेटचा पत्ता. घराचा नव्हे."

"बाबा, आठ महिने यांच्या ऑफिसचं पान घरून उघडत नाहीये. परवानगी नाही असं येतं. काही कंपन्या त्या यादीवरच्या सगळ्यांना दार बंद करतात का?"

"करतात काही काही." हे त्यांना माहीत होतं. लेकीच्या घराशी त्याचा संबंध लावायचं मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"दोनदा इंटरनेटवाला बोलावला आम्ही! त्याने डबा बदलला, वायर बदलली, शेवटी म्हणाला तुमची भिंत जाड आहे. हे रोज जेवणानंतर उठून ऑफिसात जाऊन बसतात, आणि तो तुमचा लॅपटॉप माझ्या रुमालाखाली गरम होत बसलाय! एकदा सांगितलं असतंत तर?"

"तुला त्रास नको म्हणून—"

"मला त्रास नको म्हणून तुम्ही मला कधी काहीच सांगितलं नाहीत. शाळेत मुली विचारायच्या, बाबा हॉस्पिटलमध्ये काय करतात? मी म्हणायचे, माहीत नाही. त्यांना वाटायचं मी लपवतेय." मग म्हणाली, "मी ते बंद करतेय. आत्ता." आणि फोन ठेवला.

काकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. साखरबाईंनी चहा टाकला. त्यात साखर घालायला विसरल्या आणि दोघंही तो तसाच प्यायले.

चार दिवस फोन आला नाही. खरं तर प्रश्न सुटलाच होता. लेकीचं यंत्र बंद म्हणजे काकांचं एकच उरलं, आणि एकाच यंत्राला कोणाचा नंबर लिहायची गरज नव्हती. साखरबाईंनी तसं सुचवलंही. काका म्हणाले, "यंत्राचा प्रश्न सुटला गं. ती काय म्हणाली ते ऐकलंस ना? तिलाही हेतू माहीत नाही."

मंगळवारी त्यांनी स्वयंसेवकांना उघडं पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा दोन ओळींचा झाला: चूक झाली, क्षमस्व. साखरबाईंनी चष्मा लावून वाचला. "याला काय पत्र म्हणतात? यात तुम्ही कुठे आहात?" दुसऱ्या खर्ड्यात काका थोडे आले. तिसऱ्यात नऊ नंबरची खोली आली, मोठे डॉक्टर आले, आणि ज्या बाईशी लग्न करून त्यांनी तिला साखळीतून घालवलं तीही आली. शेवटी स्वतःचा पत्ता. आजवर त्यांनी संपर्काची प्रत्येक चौकट कोरी सोडली होती. ही भरताना त्यांचा हात दोनदा थांबला. लिहिलं ते असं: निरोप नेणाऱ्याचं तोंड बंद असावं, पण तो स्वतः सगळ्यांना दिसेल असा उभा असावा, हे मी आयुष्यभर करत होतो आणि मला कळलं नव्हतं. हॉस्पिटलात माझं टेबल व्हरांड्याच्या मधोमध होतं.

ग्रंथपाल बाईंनी त्यातली भाषा जरा सरळ केली आणि पत्र गेलं. त्याच दिवशी काकांनी त्याची एक प्रत लेकीला पाठवली. सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. सवय अशी एकदम जाते थोडीच!

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. साखरबाईंनी घेतला, ऐकला, आणि पुढे केला. "तुमच्यासाठी आहे."

"बाबा, आई लॅबमध्ये होती हे मला माहीत होतं. तिला तुमच्यापायी साखरेत जावं लागलं, हे नव्हतं."

"हं."

"हं काय? यांना वाचून दाखवलं मी. हसून हसून पुरेवाट. मग यांनीच ऑफिसातल्या संगणकवाल्याला फोन केला, म्हणाले, माझे सासरे असं असं करतात, आमचं दार उघडा. त्याने पाच मिनिटांत उघडलं. आठ महिने, बाबा! कारण कळलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं."

"माझं चुकलं," काका म्हणाले. बापाच्या तोंडून हे शब्द लेक पहिल्यांदाच ऐकत होती.

"बरं. आता रुमाल काढलाय. लॅपटॉप चालू केलाय. काय लिहायचंय सांगा."

"तुला ठेवायचाय तो?"

"विचारलंत म्हणून हो."

काकांनी चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. "चाळीस खुणा आहेत. आकडे आणि अक्षरं. चार-चार सांगतो. प्रत्येक चौकडी तू परत म्हणायची, मगच पुढची. हॉस्पिटलात नंबर असाच सांगायची पद्धत आहे."

"सांगा."

"ए, सात, सात, डी."

"ए, सात, सात, डी."

"शून्य, चार, सी, नऊ."

"शून्य, चार, सी, नऊ."

दहा चौकड्या झाल्या. मग लेकीने आपल्या यंत्राचा नंबर सांगितला आणि काकांनी परत म्हटला. सातव्या चौकडीत त्यांनी आठच्या जागी तीन म्हटलं, तर ती शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली, "पुन्हा." साखरबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. बाप-लेक इतका वेळ एकमेकांशी बोलताहेत हे दृश्य त्यांना नवीन होतं, आकडे का असेनात.

"झालं," लेक म्हणाली. "आता हे पासवर्ड मागतंय."

काका थबकले. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "नंतर पाठवला तर चालेल?"

"बाबा!"

त्यांनी तोंडावर हात धरून फोनमध्ये सांगितला. तिकडे लेक अशी खदखदून हसली की दारापर्यंत ऐकू गेलं.

"काय म्हणाले गं ते?" साखरबाईंनी तिथूनच ओरडून विचारलं.

"आई, तुझंच नाव आहे! साखरबाई, आणि पुढे नऊ!"

साखरबाई पदर खोचून आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावू लागल्या.

"उद्याच बदलतो," काका फोनमध्ये म्हणाले. "आता तिघांना माहीत झाला."

स्वयंसेवकांचं उत्तर शनिवारी आलं, दोन ओळींचं. पत्र वाचलं, दोन्हीकडची नोंद जुळली, दोन्ही परत घेत आहोत, महिनाभर लक्ष ठेवू. त्याखाली कोणीतरी परक्या माणसाने एकच वाक्य जोडलं होतं: माझ्या आईची पिशवी त्या व्हरांड्यातल्या टेबलावर आली असती तर बरं झालं असतं. काकांनी ते दोनदा वाचलं, पण कोणाला दाखवलं नाही. तेवढं एक त्यांनी पोटात ठेवलं.

रविवारी चहा झाला. काका संगणकासमोर बसले. यादीत दोन्ही नावं होती, हिरव्या ठिपक्यांसह, आणि प्रत्येकापुढे दुसऱ्याचा नंबर, कोणालाही वाचता येईल असा.

"काय हो," आतून हाक आली, "पोरं शाळेत गेली का?"

"गेली," काका चष्मा पुसत म्हणाले. "पण बाईंनी दोघांना वेगवेगळ्या वर्गांत बसवलंय."

"बरं केलं," साखरबाई म्हणाल्या. "मलाही तसंच बसवलं होतं."